एकच गुणपत्रक, चार नावं : दहावीनंतरच्या शाखा-शिफारशीची एक तपासणी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सराव परीक्षेचे निकाल लागले होते आणि मी वर्गशिक्षिका म्हणून दहावीची मार्गदर्शन पत्रकं फाईलला लावत होते. आमच्या शाळेत दरवर्षी प्रत्येक मुलामागे असा एक कागद भरतात. विषयवार गुण, हजेरी, आवड, आणि शेवटी दोन रकाने : ‘शिफारस केलेली शाखा’ आणि ‘शेरा’. निकालानंतर पालक येतात तेव्हा तोच कागद त्यांच्यापुढे ठेवला जातो.

फाईलला लावताना दोन कागद एकाखाली एक आले. पहिला एका मुलाचा. गणित ७९, विज्ञान ७६, इंग्रजी ५५. शिफारस : विज्ञान, गणित गट. शेरा : ‘इंग्रजीकडे लक्ष दिल्यास उत्तम.’ दुसरा तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीचा. गणित ८१, विज्ञान ७७, इंग्रजी ५८. शिफारस : कला. शेरा : ‘कष्टाळू. नर्सिंग किंवा डी.एड.चा विचार करावा.’

दोन्ही कागदांवरचं अक्षर माझं होतं.

मी तो कागद परत परत वाचला. तिचे गुण तिन्ही विषयांत त्याच्यापेक्षा जास्त होते. मग मी तिला विज्ञान का सांगितलं नाही? उत्तर माझ्याजवळ तयार होतं, आणि तेव्हा ते मला अगदी बरोबर वाटलं होतं. तिचे आईवडील दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. घरी म्हातारी आजी आणि धाकटी बहीण. तिची हजेरी कमी होती. विज्ञानाला जायचं म्हणजे अंबाजोगाई नाहीतर लातूर, म्हणजे खोली, मेस, शिकवणी. कोण करणार एवढं? मी स्वतः तांड्यावर वाढलेली आहे. सायन्सला गेल्यावर पहिल्या सहामाहीत इंग्रजीतलं फिजिक्स समोर आलं की काय होतं, ते मी भोगलेलं आहे. त्या लेकराला मी त्यातून वाचवत होते, असं मला मनापासून वाटत होतं.

तिने कलेला प्रवेश घेतला. वर्षभराने बाजारात भेटली तेव्हा मी तिला तो कागद आणि माझी चूक, दोन्ही सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “मॅडम, तुमी लिवलं म्हणून बानं दुसरं काही इचारलंच नाही.”

शिक्षकाच्या एका ओळीचं वजन आमच्याकडे काय असतं, ते त्या वाक्यात आहे. शहरातल्या पालकाला चार ठिकाणी विचारता येतं. घरात कुणी इंजिनिअर असतो, शेजारी कुणी डॉक्टर असतो. तांड्यावर, वाडीवर, गावाबाहेरच्या वस्तीवर बहुतेक वेळा विचारायला एकच माणूस असतं, आणि ते म्हणजे शाळेतले सर नाहीतर मॅडम. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, पण पसंतीक्रम भरताना बाप फोन आमच्याच हातात देतो आणि म्हणतो, “तुमीच टाका, आमाला काय कळतंय त्यातलं.”

पण दोन कागदांवरून निष्कर्ष काढता येत नाही. त्या मुलाची हजेरी चांगली होती, तिची नव्हती. त्याच्या घरी पाणी, वीज, वेळ होता. कुणीही म्हणेल की फरक जातीचा किंवा मुलगी असण्याचा नाही, परिस्थितीचा आहे. माझे सहकारी तेच म्हणाले, आणि त्या दोन कागदांपुरतं ते खोटंही नव्हतं. खऱ्या दोन मुलांत शंभर गोष्टी वेगळ्या असतात. नेमकी कुठली गोष्ट लिहिणाऱ्याच्या हाताला वळवते हे पाहायचं, तर बाकी सगळं सारखं ठेवून तेवढी एकच बदलावी लागते.

अशी तपासणी कशी करतात याचा एक चांगला नमुना अमेरिकेत आहे. तिथे २०१९ साली डॅनिया फ्रान्सिस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शाळांतल्या समुपदेशकांना त्यांनी गुणपत्रकं दिली आणि विचारलं, या विद्यार्थ्याला वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमांना बसवाल का? गुणपत्रकांवरची नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी लावलेली होती. कुठल्या नावावरून गोरा मुलगा वाटेल, कुठल्यावरून काळी मुलगी. कॉलेजच्या दर्जाच्या कॅल्क्युलससाठी काळ्या मुलींची शिफारस कमी झाली, आणि तयारी सर्वांत कमी आहे असं मतही त्यांच्याबद्दलच पडलं. तिथला प्रश्न वंशाचा आहे. आपल्याकडे त्या जागी जात आहे, धर्म आहे, आणि पत्त्यातली वस्ती आहे. मुलगी असणं मात्र दोन्हीकडे तेच.

आम्ही तिघांनी ठरवलं की असंच काहीतरी लहान प्रमाणावर करून पाहायचं. मी, आमचे गणिताचे सर आणि शेजारच्या तालुक्यातल्या एक विज्ञान शिक्षिका. आमच्या भागातल्या शिक्षकांचा एक अभ्यासगट सुट्टीच्या दिवशी जमतो. त्यात मुख्यतः दहावीचे वर्गशिक्षक असतात. त्यांच्याच एका बैठकीत हे करायचं ठरलं.

कागद कसे तयार केले

बारा काल्पनिक विद्यार्थ्यांची पत्रकं केली. तीन फार हुशार, तीन जेमतेम पास होणारे, आणि सहा मधले, म्हणजे सत्तर ते ऐंशी टक्क्यांचे. मधले मुद्दाम जास्त घेतले. पंच्याण्णव टक्के असले की कुणीही विज्ञान लिहितो, चाळीस असले की कुणी लिहीत नाही. शिक्षकाचा स्वतःचा विचार कामाला येतो तो मधल्या पट्ट्यात, आणि आमची बहुतेक मुलं असतात तीही तिथेच.

प्रत्येक पत्रक चार नावांनी छापलं. गुण तेच, हजेरी तीच, आवडीचे विषय तेच, माध्यम मराठी, वडिलांचा व्यवसाय चारही कागदांवर ‘शेती’. बदल फक्त नाव आणि पत्त्यात. उदाहरणार्थ सात नंबरच्या पत्रकावर प्रतीक देशमुख, प्रतीक्षा देशमुख, प्रतीक राठोड आणि प्रतीक्षा राठोड. देशमुखांचा पत्ता गावातला, राठोडांचा त्याच गावच्या तांड्यावरचा. राठोड म्हटलं की इथे बंजारा समजतात. इतर काही पत्रकांवर त्या जागी सोनकांबळे होते, म्हणजे बौद्ध, काहींवर शेख.

आडनावं निवडायलाच आमची एक संध्याकाळ गेली. मराठवाड्यात आडनावावरून जात कळते असं सगळे म्हणतात, पण जाधव मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, बौद्धांतही आहेत. पवार आणि चव्हाण यांचंही तेच. म्हणजे ‘जाधव’ लिहिलं तर वाचणारा आपल्या मनाने काय समजला, हे आपल्याला कळणार नाही. म्हणून जी आडनावं ऐकल्यावर इथल्या माणसाला दुसरा विचार करावा लागत नाही तीच घेतली, आणि पत्त्याची ओळ जोडीला ठेवली. असं कुणी परत करणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे की या निवडीला वेळ द्या. नावं चुकली तर पुढची सगळी मोजणी वाया जाते.

दुसरी काळजी ही की एका शिक्षकाच्या हाती एकच गुणपत्रक दोन नावांनी जाता कामा नये. गेलं की डाव उघडा पडतो. म्हणून चार प्रकारची पाकिटं केली. प्रत्येकात बाराही पत्रकं, पण नावं फिरवून. पहिल्या पाकिटात सातवा विद्यार्थी प्रतीक देशमुख, तर आठवी एखादी शेख मुलगी. दुसऱ्या पाकिटात सातवी प्रतीक्षा देशमुख, तर आठवा कुणी दुसरा. कुणाला कुठलं पाकीट, ते चिठ्ठ्यांवर सोडलं. पाकिटावर शिक्षकाचं नाव नाही, फक्त नंबर.

चाळीस शिक्षक होते. त्यांना आधी सांगितलं की विद्यार्थी काल्पनिक आहेत आणि आपण शिफारस कशी करतो ते पाहायचं आहे. नावं बदलली आहेत हे तेव्हा सांगितलं नाही. ते त्याच दुपारी, कागद गोळा झाल्यावर, सगळ्यांसमोर सांगितलं, आणि ज्यांना आपलं पाकीट मोजणीत नको असेल त्यांनी नंबर सांगून ते परत घ्यावं असंही सांगितलं. दोघांनी परत घेतलं. एक ज्येष्ठ सर दुखावले. “आमची परीक्षा घेतली तुम्ही,” म्हणाले. त्यांचं दुखावणं मला अजून आठवतं. आपल्याच माणसांना अर्धी गोष्ट सांगून कागद भरून घेणं सोपं नाही, आणि ते त्याच दिवशी उघड करणं ही त्यातली सगळ्यात गरजेची गोष्ट होती असं मला वाटतं.

सात नंबरचं पत्रक

रात्री वर्गातले चार बाक जोडले आणि गठ्ठे लावले. वरच्या आणि खालच्या पत्रकांत सांगण्यासारखं काही निघालं नाही. हुशार मुलीला, ती शेख असो की कुलकर्णी, सगळ्यांनी विज्ञान लिहिलं होतं. मधली सहा मात्र वेगळी निघाली.

सात नंबरचं पत्रक : गणित ७८, विज्ञान ७५, इंग्रजी ५८, आवड ‘गणित, विज्ञान प्रयोग’. प्रतीक देशमुख दहा जणांकडे गेला, नऊ जणांनी विज्ञान लिहिलं. प्रतीक्षा देशमुखला दहापैकी सातांनी. प्रतीक राठोडला नवांपैकी सहांनी. प्रतीक्षा राठोडला नवांपैकी तिघांनी.

आकडे लहान आहेत. नऊ-दहा कागदांवरून मराठवाड्याबद्दल काही ठरवता येत नाही, आणि मी ठरवतही नाही. पण मधल्या सहा पत्रकांपैकी पाचांत सर्वांत खाली तीच होती : गावकुसाबाहेरच्या पत्त्याची मुलगी. आणि मला जास्त शिकवलं ते आकड्यांनी नाही, शेऱ्यांनी.

प्रतीक देशमुखच्या कागदावर एकाने लिहिलं होतं, ‘इंग्रजी थोडे कच्चे आहे, शिकवणी लावल्यास सुधारेल.’ प्रतीक्षा राठोडच्या कागदावर दुसऱ्याने, ‘इंग्रजी कच्चे असल्याने विज्ञान झेपणार नाही.’ दोन्हीकडे अठ्ठावन्नच गुण. एकाचे अठ्ठावन्न म्हणजे अजून वाढणारे, दुसरीचे अठ्ठावन्न म्हणजे तिची हद्द.

प्रतीक्षा राठोडच्याच आणखी एका कागदावर होतं, ‘हुशार आहे, पण घरची आर्थिक परिस्थिती पाहता कला शाखा योग्य.’ घरची परिस्थिती कागदावर होतीच कुठे? शेती लिहिलं होतं, देशमुखांच्या कागदावर होतं तेच. गरिबी त्या शिक्षकाने आडनावातून आणि पत्त्यातून वाचली. प्रतीक राठोडला दोघांनी आयटीआय सुचवलं, ‘लवकर हाताला काम मिळेल.’ एका सोनकांबळे मुलाच्या कागदावर ‘सवलत आहे, कला घेऊन स्पर्धा परीक्षा करावी’ असं होतं. एका शेख मुलीला ‘उर्दू माध्यमाची सोय पाहावी’ असं सुचवलं होतं, आणि तिच्या कागदावर ठळक अक्षरात माध्यम मराठी होतं. प्रतीक्षा देशमुखच्या कागदावर एकाने लिहिलं, ‘गावापासून जवळचे महाविद्यालय निवडावे.’ जवळ-लांबचा विचार मुलांच्या कागदांवर फारसा कुणाला सुचलाच नव्हता.

एकाही शेऱ्यात तिरस्कार नव्हता. हे मी पुन्हा सांगते, कारण ‘आपण काय जातीवादी आहोत का’ हा प्रश्न त्या बैठकीत तीनदा आला. सगळे शेरे काळजीचे होते. परिस्थिती, लांबचा प्रवास, लग्नाची घाई, हाताला काम. माझ्या त्या मूळ कागदावरही काळजीच होती. पण ती काळजी वाटून दिलेली नव्हती. ती काही आडनावांच्याच वाट्याला येत होती, आणि येताना मुलाच्या गुणांचं मोल कमी करून येत होती.

आणि ती करणारा परकाच असतो असंही नाही. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतात केलेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या खऱ्या उत्तरपत्रिकांवर वय, मुलगा-मुलगी आणि जात ही माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी लावून त्यांनी त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालच्या मानलेल्या जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना गुण थोडे कमी पडले. फरक लहान होता, पण होता. मुलगा-मुलगी असा फरक त्यांना आढळला नाही. आणि कमी गुण देणारे मुख्यतः त्याच जातींतले शिक्षक निघाले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कागद खाली ठेवला. मला माझं अक्षर आठवलं.

मग काय बदललं

पहिली सूचना आली ती साधी : पत्रकावर नाव नको, फक्त हजेरी क्रमांक. एवढ्याने भागणार नाही हे आम्हाला लगेच कळलं. पत्ता बोलतो, वडिलांचा व्यवसाय बोलतो, दिवाळीनंतर पडलेली हजेरी तर ओरडून सांगते की हे ऊसतोडीचं घर आहे. शिवाय शंभर मुलांच्या शाळेत वर्गशिक्षकाला गुण पाहून मूल ओळखता येतं.

म्हणून आम्ही कागदाचे दोन केले. पहिल्या पानावर फक्त विषयवार गुण, गेल्या दोन वर्षांतली चढ-उतार आणि मुलाने स्वतः लिहिलेली आवड. हे पान वर्गशिक्षक भरत नाही. त्या मुलाला न शिकवणारा दुसरा शिक्षक भरतो, आणि शाखेची शिफारस याच पानावर होते. ती पेनने लिहून सही झाली की मग दुसरं पान. ते वर्गशिक्षकाचं. त्यात अडचणी लिहायच्या, जेवढ्या आहेत तेवढ्या, आणि प्रत्येक अडचणीसमोर तिच्यावरचा उपाय. अडचण पाहून पहिल्या पानावरची शाखा बदलायची नाही. बदलायचीच असेल तर मुलाला आणि पालकांना समोर बसवून, त्यांच्या तोंडून.

दुसऱ्या पानामुळे आम्हालाच अभ्यास करावा लागला. ‘परिस्थिती नाही’ असं लिहून मोकळं होता येईना. अनुसूचित जातीच्या मुलाला वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणाला पैसे देणारी स्वाधार योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना २०२१ साली मंजूर झाली. इतर मागास, भटक्या-विमुक्त मुलांना दहावीनंतर जेईई, नीट आणि सीईटी या प्रवेश परीक्षांची तयारी महाज्योती ही राज्य सरकारची संस्था मोफत करून देते, टॅबलेटसह. २०२४ च्या जुलैपासून आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षणातल्या आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. यातलं निम्मं आम्हाला नीट माहीत नव्हतं. माहीत नसताना आम्ही वर्षानुवर्षं ‘झेपणार नाही’ लिहीत होतो.

ज्येष्ठ सरांचा आक्षेप मात्र अजून जागेवर आहे आणि तो मला टाळायचा नाही. ते म्हणतात, “पोरगी सायन्सला गेली आन् नापास झाली, तर जबाबदार कोण? ती परत येऊन तांड्यावरच बसेल. वर्षभरात लग्न लावतील.” हे खरं आहे. असं होतं. बहुतेक कॉलेजांत अकरावी विज्ञान इंग्रजीतून शिकवतात, आणि आमची मुलं पहिले तीन महिने नुसती फळ्याकडे बघत राहतात. त्यावर माझं एवढंच म्हणणं आहे की ही भीती अठ्ठावन्न गुणांच्या प्रत्येक मुलाबद्दल वाटायला हवी. देशमुखांच्या मुलाबद्दल ती वाटते तेव्हा आपण शिकवणी सुचवतो. राठोडांच्या मुलीलाही तीच शिकवणी सुचवावी. गेल्या मे महिन्यात आम्ही दहावी झालेल्या मुलांसाठी इंग्रजीतल्या विज्ञानाच्या शब्दांचा तीन आठवड्यांचा वर्ग घेतला. वेग, त्वरण, संयुग, पेशी हे सगळे शब्द दोन्ही भाषांत. सर स्वतः त्यात शिकवायला आले.

मुख्याध्यापकांनी दोन पानांची पद्धत सध्या एका वर्षापुरती मान्य केली आहे. पुढे चालू ठेवायची की नाही, हे संस्थेत ठरेल. दोघे-तिघे वर्गशिक्षक कुरकुरतात की आमच्या मुलांना आम्ही ओळखतो, परक्याने शाखा का लिहावी. मी त्यांना माझ्या फाईलमधले ते दोन कागद दाखवते.

त्या मुलीची धाकटी बहीण यंदा नववीत आहे, माझ्याच वर्गात. आईवडील दिवाळीनंतर पुन्हा गेले. ती आजीजवळ राहिली, आणि हजेरी पडू नये म्हणून पहाटे पाणी भरून शाळेत येते. पुढच्या वर्षी तिचं पत्रक निघेल. तिचं पहिलं पान मी भरणार नाही. ते गणिताच्या सरांकडे जाईल, ते तिला शिकवत नाहीत. माझ्याकडे दुसरं पान येईल, आणि त्यातल्या वसतिगृहाच्या अर्जाची तारीख मी आत्ताच वहीत लिहून ठेवली आहे.